ऑस्बोर्न, २६ मे १८५७

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे, आणि त्या बेटाच्या उत्तर टोकाला, सोलंटच्या सामुद्रधुनीवर नजर ठेवून ऑस्बोर्नचा वाडा उभा आहे. वाड्यापुढची बाग कठडे बांधून टप्प्याटप्प्याने समुद्राकडे उतरते. त्यातल्या एका टप्प्यावर, टेरेसवर, लिओनिदा काल्देसी या लंडनमध्ये व्यवसाय करणाऱ्या इटालियन छायाचित्रकाराने २६ मे १८५७ रोजी एक फोटो घेतला. फोटोत अकरा माणसं आहेत: राणी व्हिक्टोरिया, तिचा नवरा प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची नऊ मुलं. थोरली मुलगी सोळा वर्षांची, धाकटी बीट्रिस सहा आठवड्यांची. मुकुट नाही, सिंहासन नाही, भालदार-चोपदार नाहीत. सुखवस्तू घरातली माणसं उन्हात येऊन उभी राहावीत तशी ती उभी आहेत. राणीच्या चरित्रांत आणि छायाचित्रणाच्या इतिहासात हा फोटो नेहमी भेटतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याच्याकडे राजघराण्याच्या घरगुती सुखाचं चित्र म्हणूनच पाहिलं जातं. तसं पाहण्यात खोटं काही नाही. पण या फोटोतली सर्वांत बोलकी गोष्ट चित्रात नाही, ती त्याच्या तारखेत आहे, आणि ती तारीख वाचण्याचा हक्क आपल्याला जरा जास्तच पोचतो. वैभवाचा जुना फोटो त्याच्या तारखेला आणि चौकटीबाहेरच्या कागदपत्रांना धरून वाचला नाही, तर तो आपल्याला केवळ वैभव दाखवतो आणि तेवढ्यावर आपली समजूत घालतो, हे माझं म्हणणं आहे. ते पटवण्यासाठी ऑस्बोर्नइतका चांगला दाखला मला दुसरा दिसत नाही.

आधी वाड्याविषयी. ब्रायटनचा राजवाडा राणीला नकोसा झाला होता. तिथे गावातली गर्दी पाठ सोडत नसे आणि नव्या बांधकामांनी समुद्रही झाकला होता. पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या मदतीने ऑस्बोर्नची मालमत्ता सापडली आणि १८४५ मध्ये राणी आणि अल्बर्टने ती खासगी मिळकत म्हणून विकत घेतली. जुनं घर अपुरं म्हणून नवं बांधायचं ठरलं. आराखडा अल्बर्टने स्वतः लक्ष घालून केला आणि काम दिलं टॉमस क्युबिटला. लंडनचा बेलग्रेव्हियाचा श्रीमंत भाग उभारणारा हा बांधकाम व्यावसायिक. १८४६ च्या सप्टेंबरात कुटुंब नव्या घरात राहायला आलं आणि उरलेलं काम १८५१ पर्यंत चाललं. सोलंटचं पाणी पाहून अल्बर्टला नेपल्सचा उपसागर आठवे, म्हणून घराला इटालियन वळण, दोन उंच मनोरे, पुतळे, कारंजी. भिंती मात्र विटांच्या आहेत; वरून सिमेंटचा गिलावा देऊन त्यांना दगडाचं रूप दिलं आहे. काळ्यापांढऱ्या फोटोत हा गिलावा अगदी दगडासारखा दिसतो. जवळ जाऊन हात लावणाऱ्याला जे कळेल ते कॅमेऱ्याला कळत नाही, ही गोष्ट लहान असली तरी फोटो वाचताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्या काळच्या फोटोच्या मर्यादाही नीट समजून घ्यायला हव्यात, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये जाहीर केलेली ओल्या कलोडियनची पद्धत तेव्हा सर्वत्र रूढ होत होती. काचेच्या पट्टीवर कलोडियनचा चिकट द्रव ओतायचा, काच चारी कोपऱ्यांकडे हलकेच कलती करून तो एकसारखा पसरायचा, मग अंधाऱ्या तंबूत ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची. सुकली की संपलं. त्यामुळे फोटो घेणं आणि तो धुऊन काढणं ही दोन्ही कामं काही मिनिटांत, जागेवरच उरकावी लागत. उघडझाप सेकंदांची असे. जो हलला तो पुसट झाला, जो चालत गेला तो उमटलाच नाही. शिवाय या काचेला निळा प्रकाश फार लवकर लागे, म्हणून आकाश कोऱ्या कागदासारखं पांढरं येई. समुद्र आणि आकाश एकाच काचेवर धड येत नसत. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी नावाजलेली चित्रं काढली, त्यांतल्या कित्येकांत पाण्याची काच वेगळी आणि ढगांची वेगळी होती. तेव्हा समुद्राकाठच्या वाड्याच्या त्या काळच्या फोटोत समुद्र रिता दिसला, बागेत माळी दिसला नाही, दारात चाकर दिसला नाही, तर त्यावरून लगेच कुणाच्या हेतूवर बोट ठेवणं बरोबर नाही. काही गोष्टी काचेला पकडताच येत नव्हत्या. काही फोटो घेणाऱ्याने बाजूला ठेवल्या असतील. आणि काही अशा, की टेरेसवर उभ्या असलेल्या एकालाही त्या ठाऊक नव्हत्या. या तिन्हींची सरमिसळ झाली की फोटोवरची टीका आरोपासारखी होते आणि वाचकाचा विश्वास उडतो. मला इथे विचार करायचा आहे तो मुख्यतः तिसऱ्या प्रकाराचा.

२६ मे १८५७. मेरठच्या छावणीतल्या शिपायांनी १० मे रोजी उठाव केला होता. ११ मे रोजी ते दिल्लीत पोचले आणि बहादूरशहा जफर याच्या नावाने द्वाही फिरली. दिल्लीच्या तारघरातून त्याच दिवशी अंबाल्याला तार गेली; डलहौसीच्या काळात उभ्या राहिलेल्या तारांमुळे हिंदुस्थानात ही बातमी काही तासांत पसरली. सरसेनापती जॉर्ज ॲन्सन दिल्लीकडे फौज घेऊन निघाला आणि वाटेत कर्नालला पटकीने मेला, तो दिवस २७ मे. म्हणजे फोटोच्या दुसऱ्या दिवशी. कानपूर आणि झाशी पेटायला आठवडा-दीड आठवडा अवकाश होता. आणि इकडे ऑस्बोर्नच्या टेरेसवर अकरा माणसं श्वास धरून उभी होती, कारण मेरठची बातमी लंडनला कळली ती थेट जूनच्या अखेरीस. हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामध्ये अजून तारेची जोडणी नव्हती. ती १८६५ मध्ये झाली. तोवर टपाल मुंबईहून किंवा कलकत्त्याहून आगबोटीने सुएझला, तिथून जमिनीवरून अलेक्झांड्रियाला आणि पुन्हा बोटीने युरोपात जाई. हिंदुस्थानची टपाल नेणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटी त्या काळी साउदॅम्प्टनहून सुटत आणि तिथेच परतत. साउदॅम्प्टन सोलंटच्या आत आहे. ज्या पाण्यावर राणीने आपल्या खिडक्या उघडल्या होत्या, त्याच पाण्यातून हिंदुस्थानची पत्रं येत-जात होती. तातडीचा मजकूर भूमध्य समुद्राच्या बंदरांवरून तारेने पुढे येई, तरी वाटेतला समुद्र कुणाला चुकला नव्हता.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. फोटोतल्या माणसांना जे ठाऊक नव्हतं त्याचा जाब त्यांच्या चेहऱ्यांना कसा विचारता? आज आपल्याला पुढचं सगळं माहीत आहे म्हणून त्या क्षणावर ते लादणं हा इतिहासाचा गैरवापर नाही का? मुलांच्या बाबतीत हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. सात वर्षांच्या मुलाला कशाचाही जाब विचारता येत नाही. पण त्या न कळण्यालाही कारणं होती, आणि ती सगळी समुद्राच्या अंतरावर ढकलता येत नाहीत. जानेवारीतच डमडमला काडतुसांची कुजबुज सुरू झाली होती. फेब्रुवारीत बहरामपूरच्या पलटणीने काडतुसं नाकारली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी गोळी झाडली आणि ८ एप्रिलला त्यांना फाशी झाली. बराकपूरचं वर्तमान लंडनला पोचायला २६ मेपर्यंत पुरेसे दिवस झाले होते. बातमी वाटेत असणं वेगळं आणि आलेल्या बातमीचं गांभीर्य न कळणं वेगळं. पहिल्याला जहाजांचा वेग जबाबदार, दुसऱ्याला राज्य करण्याची सवय. फोटोतली निवांत उभी माणसं या दुसऱ्या गोष्टीचा पुरावा आहेत असं मी म्हणणार नाही; फोटो एवढं सिद्ध करू शकत नाही. पण तारखेजवळ ही नोंद ठेवल्याशिवाय त्या निवांतपणाचा अर्थ पुरा होत नाही, एवढं नक्की म्हणेन.

या फोटोसमोर दुसऱ्या एका वाड्याचा फोटो ठेवायला हवा. लखनौचा सिकंदर बाग हा अवधचा नवाब वाजिद अली शहा याने बांधलेला बागेतला विलासमहाल. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने तो सर केला आणि आत कोंडले गेलेले सुमारे दोन हजार हिंदी सैनिक तिथे मारले गेले. फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार १८५८ च्या वसंतात लखनौला पोचला आणि त्याने या महालाचा फोटो घेतला. मागे गोळ्यांनी फुटलेली कमानींची दर्शनी बाजू, पुढे अंगणात विखुरलेली हाडं आणि कवट्या, आणि त्यांच्यामध्ये काही हिंदी माणसं व एक घोडा. लढाईला कित्येक महिने उलटून गेले होते. ही हाडं फोटोसाठी पुन्हा उकरून मांडली असावीत, असं अभ्यासक म्हणतात. दोन्ही फोटोंत एक वर्षाचंही अंतर नाही, पद्धतही काचेचीच. इथे वाडा आणि बाग, तिथेही वाडा आणि बाग. इथे माणसं जागेवर उभी करून मांडणी केली, तिथे हाडं ठेवून. आणि इथे दुसरा आक्षेप पुढे येतो: दोन्ही फोटो मांडलेलेच असतील तर दोन्ही सारखेच अविश्वसनीय नाहीत का? मला तसं वाटत नाही. मांडलेला फोटो खोटा नसतो. काय दाखवायचं आणि कुणाला, हे कुणीतरी ठरवलं होतं, याची तो साक्ष देतो. ऑस्बोर्नमध्ये राज्यकर्त्या घराने स्वतःला कसं पाहायचं ते ठरवलं. लखनौमध्ये जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांना कसं पाहायचं ते ठरवलं. सिकंदर बागेतल्या एकाही कवटीला नाव नाही. ऑस्बोर्नच्या अकराही जणांची नावं, जन्मतारखा आणि पुढचे सोयरसंबंध आपल्याला तोंडपाठ होतील इतके नोंदलेले आहेत. ही विषमता फोटोत दिसत नाही. दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावरच ती दिसते.

असंही म्हटलं जाईल, की ऑस्बोर्नचा हिंदुस्थानशी संबंध ओढूनताणून जोडला जातो आहे. घर राणीच्या खासगी पैशातून घेतलेलं, आणि १८५७ मध्ये हिंदुस्थानवर राज्य कंपनीचं होतं, राणीचं नव्हतं. यातला पैशाचा भाग मी सरळ मान्य करतो. ऑस्बोर्नची प्रत्येक वीट लुटीच्या पैशाने आली असं म्हणणं सोपं असलं तरी त्याला पुरावा लागतो, आणि माझा युक्तिवाद त्याच्यावर उभा नाही. पण कंपनी आणि राणी यांच्यामधली भिंत तेव्हाही पातळच होती. १८३३ च्या कायद्यानेच कंपनीचा मुलूख राजमुकुटाच्या वतीने सांभाळायचा असं ठरलेलं होतं. आणि त्याच्या पुढचा पुरावा खुद्द ऑस्बोर्नच्याच टेरेसवर, खुद्द कॅमेऱ्यानेच नोंदवून ठेवला आहे.

१८५४ च्या ऑगस्टमध्ये महाराजा दुलीपसिंग ऑस्बोर्नला पाहुणा म्हणून आला. रणजितसिंगाचा हा मुलगा. १८४९ मध्ये, दहा वर्षांचा असताना, त्याचं पंजाबचं राज्य खालसा झालं आणि लाहोरच्या तहात कोहिनूर इंग्लंडच्या राणीला द्यायचा ठरला. १८५० मध्ये तो तिच्या हाती आला. पाहुणा आला तेव्हा दुलीपसिंग सोळाव्या वर्षात होता, आई जिंदाँपासून तुटलेला, आदल्याच वर्षी ख्रिस्ती झालेला. राणीचा त्याच्यावर जीव होता याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. तिने त्याची रेखाटनं केली, विंटरहाल्टरकडून त्याचं मोठं तैलचित्र करवून घेतलं. अल्बर्टचा ग्रंथपाल आणि राजपुत्रांचा शिक्षक एर्न्स्ट बेकर हा हौशी छायाचित्रकार होता. त्याने ऑस्बोर्नला दुलीपसिंगाचे फोटो घेतले. त्याच सुमारास त्याने आल्फ्रेड आणि आर्थर या दोन राजपुत्रांचाही एक फोटो घेतला, दोघांनाही हिंदी पोशाख घालून. आर्थर तेव्हा चार वर्षांचा. एक पदच्युत राजा खरोखरचा हिंदी पोशाख घालून कॅमेऱ्यासमोर, आणि त्याच वाड्यात, त्याच वर्षी, दोन मुलं तसाच पोशाख खेळ म्हणून घालून. दुसऱ्याचा पोशाख खेळ म्हणून घालता येणं हे सत्तेचं फार सौम्य रूप आहे, म्हणूनच ते सहज नजरेतून सुटतं. तीन वर्षांनी १८५७ च्या कौटुंबिक फोटोत हा आर्थर सात वर्षांचा आहे. ऑस्बोर्नचा हिंदुस्थानशी संबंध कुठे आहे असं विचारणाऱ्याला या मुलाच्या आयुष्याचा माग काढायला सांगावा.

तो पुढे ड्यूक ऑफ कॅनॉट झाला, फौजेत गेला आणि हिंदुस्थानात आला. १८८३ पासून त्याच्याकडे मेरठच्या सैन्यविभागाची सूत्रं होती. ज्या छावणीतली बातमी बापाच्या वाड्यात पोचायला जवळजवळ सात आठवडे लागले होते, तीच ही छावणी. नंतर १८८६ ते १८९० तो मुंबई इलाख्याच्या फौजेचा सरसेनापती होता. दिल्लीचं कॅनॉट प्लेस त्याच्याच नावाने आहे. आणि पुण्यात, २ मार्च १८८८ रोजी, हरी रावजी चिपळूणकरांनी त्याच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. जरीचे फेटे, शालजोड्या, दागिने अंगावर घातलेले प्रतिष्ठित पाहुणे जमले होते. त्या मेजवानीला जोतीराव फुले खेडूत शेतकऱ्याच्या वेषात, घोंगडी-मुंडाशानिशी गेले, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. जोतीराव काही दरिद्री नव्हते. बांधकामाचे ठेके घेणारा, पुण्याच्या नगरपालिकेत सभासद राहिलेला तो माणूस होता. तो वेष त्यांनी विचारपूर्वक निवडला होता. बोलायची वेळ आली तेव्हा त्यांनी राजपुत्राला सांगितलं, की या दिवाणखान्यातले दागिने घातलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे; खरा हिंदुस्थान पाहायचा असेल तर खेड्यांत जा, शेतकऱ्याच्या आणि अस्पृश्यांच्या वस्त्यांत जा, आणि जे पाहाल ते राणीला कळवा. शेतकऱ्याच्या मुलांच्या शिक्षणाची गोष्टही त्यांनी काढली. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून होऊन तेव्हा जवळजवळ पाच वर्षं झाली होती, त्यामुळे हे बोलणं क्षणाच्या आवेशातलं नव्हतं.

या प्रसंगाला मी इतकं महत्त्व देतो त्याचं कारण असं, की जोतीरावांनी त्या संध्याकाळी नेमकं तेच केलं जे वैभवाच्या फोटोबाबत वाचकाने करायला हवं. समोर एक नीट मांडलेलं दृश्य होतं. यजमानांनी ते आपल्या मनासारखं रचलं होतं, आणि राजपुत्र ते पाहून हिंदुस्थान पाहिला असं समजून परत जाण्याचा संभव होता. जोतीरावांनी दृश्याला खोटं म्हटलं नाही. ते दागिने खरेच होते. त्या चौकटीत जे नव्हतं ते त्यांनी स्वतःच्या अंगावर घालून आत आणलं. चौतीस वर्षांपूर्वी ऑस्बोर्नला या राजपुत्राने हिंदी पोशाख खेळ म्हणून घातला होता, हे जोतीरावांना ठाऊक असण्याचं कारण नाही. पण पोशाखातून माणूस स्वतःला आणि दुसऱ्याला काय दाखवतो हे त्यांना पुरतं कळत होतं. दोन महिन्यांनी, ११ मे १८८८ रोजी, मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली.

आणखी एक आक्षेप राहतो, आणि तो आपल्या बाजूने येतो. कॅमेराच राज्यकर्त्यांचा, मग त्याच्या फोटोंत आपलं काही शोधायचं तरी कशाला? हेही खरं नाही. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ मध्ये निघाली आणि मुंबईची लगेच १८५४ मध्ये. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी मुंबईच्या सोसायटीचे सभासद होते आणि स्वतः फोटो घेत. बेकर ऑस्बोर्नला काच धूत होता त्याच वर्षांत मुंबईत मराठी हातही काच धूत होते. तेव्हा हे यंत्र परकं म्हणून टाकून द्यायचं कारण नाही. जे फोटो त्यातून निघाले, ते कुणी ठेवले, कुणी जपले, कुणी त्यांना नावं दिली, ही खरी विचारपूस आहे.

आणि ऑस्बोर्नच्या फोटोबाबत तिचं उत्तर थक्क करणारं आहे. राणी १८८७ पासून मुन्शी अब्दुल करीमकडून हिंदुस्थानी शिकत होती. हिंदुस्थानात ती कधी आली नाही, पण ऑस्बोर्नला तिने १८९०-९१ मध्ये दरबार रूम बांधून घेतली. लाहोरच्या मेयो स्कूलचे भाई राम सिंग यांनी ती घडवली आणि त्यांना मार्गदर्शन होतं जॉन लॉकवुड किपलिंगचं, जो त्याआधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत होता. भिंतीवरची, छतावरची सगळी पांढरी नक्षी राम सिंगांच्या आराखड्यातून उतरली. २२ जानेवारी १९०१ रोजी राणी याच वाड्यात वारली. त्यानंतर नवा राजा एडवर्ड याच्या हुकमाने अब्दुल करीमकडची राणीची पत्रं जाळण्यात आली. बीट्रिसने आईच्या रोजनिश्या वर्षानुवर्षं बसून नव्याने उतरवल्या, तिला अयोग्य वाटलं ते गाळलं आणि मूळ वह्या नष्ट केल्या. १८५७ च्या नोंदी आज आपल्याला वाचायला मिळतात त्या तिच्या हातून उतरलेल्या. एडवर्ड म्हणजे २६ मेच्या फोटोतला पंधरा वर्षांचा युवराज. बीट्रिस म्हणजे त्याच फोटोतलं सहा आठवड्यांचं तान्हं मूल. काय उरेल आणि काय उरणार नाही हे ज्यांनी पुढे ठरवलं, ते दोघं त्याच टेरेसवर आहेत. करीमच्या हातची रोजनिशी मात्र त्याच्या नातलगांनी शंभरावर वर्षं सांभाळली, आणि तिच्यामुळेच आज त्याची बाजू आपल्याला ऐकता येते.

फोटो जाळला गेला नाही, कारण त्यात जाळण्यासारखं काही दिसत नव्हतं. निरुपद्रवी वाटणारे पुरावेच जास्त टिकतात, म्हणून तर ते जास्त काळजीने वाचायला हवेत. सगळ्याच जुन्या वाड्यांचे फोटो इतके बोलके नसतील. पण मलबार पॉइंटच्या बंगल्याचा असो, रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याचा असो की मुरूडच्या नवाबाच्या महालाचा, फोटो हाती आला की आधी तारीख विचारावी, त्या तारखेला दुसरीकडे काय चाललं होतं ते विचारावं, आणि हा फोटो कुणी जपला तेही विचारावं. एवढ्याने वाड्याची शोभा कमी होत नाही. ऑस्बोर्न आजही सुंदर आहे आणि अल्बर्टच्या नजरेला मी दाद देतो.

मराठीत १८५७ वर पुस्तकं निघतात, मासिकांचे विशेषांक निघतात, शाळेच्या पुस्तकांत धडे असतात. त्यांच्या संपादकांना माझी एक विनंती आहे. राणीच्या कुटुंबाचा हा फोटो छापणार असाल तर तो मोठा छापा आणि सिकंदर बागेच्या फोटोशेजारी छापा. खाली ‘राणी व्हिक्टोरिया व परिवार’ एवढं लिहून थांबू नका. ऑस्बोर्न, २६ मे १८५७ असं लिहा, मेरठच्या उठावानंतरचा सोळावा दिवस असं लिहा, आणि मुलांमधल्या आर्थरच्या नावापुढे पुणे, २ मार्च १८८८ हेही लिहा.